फांदीला फांदी

हुलॉक गिबनवर काम केलं असं सांगितलं की ओळखीतले लोक हमखास विचारतात, "म्हणजे माकडंच ना?" मी दर वेळी नीट बसून उत्तर देते, कारण या प्राण्याबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं. हुलॉकला शेपूट नसतं. तो माकड नव्हे, एप आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान हे मोठे एप आणि गिबन हे त्यांचे लहान चणीचे भाऊबंद. वजन जेमतेम सहा-आठ किलो. जगात गिबनच्या वीस जाती मानतात आणि त्यांतली एक आपल्या देशात राहते, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला आणि दिबांग नदीच्या पूर्वेला. भारतात हुलॉकच्या दोन जाती आहेत असं बरीच वर्षं समजत होते. २०२१ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जनुकीय तपासणी करून दाखवलं की इथले सगळे हुलॉक एकाच, पश्चिमी जातीचे आहेत. म्हणजे भारतात एप म्हणावा असा प्राणी हा एकच. वाघासाठी आपण जितकं बोलतो त्याच्या शतांशही आपण याच्याबद्दल बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी काम केलं ते आसामातल्या होलोंगापारच्या जंगलात. जोरहाट जिल्ह्यात, मरियानी जंक्शनच्या जवळ. क्षेत्रफळ २०.९८ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं. एवढ्याशा जागेत सात प्रकारचे प्रायमेट (म्हणजे माकडं, एप आणि त्यांचे नातेवाईक) राहतात: हुलॉक, टोपीवाला वानर, मकाक माकडांच्या चार जाती आणि रात्री हिंडणारी लाजवंती (स्लो लॉरिस). १८८१ मध्ये हे राखीव वन झालं, १९९७ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये त्याला होलोंगापार गिबन अभयारण्य हे आजचं नाव मिळालं. होलोंग हा आसामचा राज्यवृक्ष. सरळसोट खोडाचा, बाकीच्या सगळ्या झाडांच्या वर डोकं काढणारा. त्याच्या खालच्या थरात नाहोर. नाहोरला पहिल्यांदा फुलं आलेली बघितली तेव्हा मी चमकले. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळे धमक केसर. हा तर आपला नागचाफा!

एके काळी हे जंगल नागालँडच्या डोंगरपायथ्यापर्यंत सलग होतं. आता चारी बाजूंनी चहाचे मळे आणि गावं आहेत. चहाचा मळा डोळ्यांना हिरवागार दिसतो, पण हुलॉकला तिथं हात टाकायला जागा नाही. कंबरेएवढी झुडपं आणि सावलीसाठी लांब लांब लावलेली झाडं. हुलॉक जमिनीवर क्वचितच उतरतो. उतरला तर दोन पायांवर, हात वर धरून, तोल सांभाळत चालतो, आणि त्या अवस्थेत कुत्र्यांपुढे त्याचा निभाव लागणं अवघड.

परवानगीबद्दल थोडक्यात सांगते. अभयारण्यात अभ्यास करायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. महिने जातात हे गृहीत धरूनच आराखडा करावा. तो वेळ मी वाचण्यात घालवला. आसामातल्या हुलॉकच्या वर्तनावरचा रोनाल्ड टिल्सन यांचा लेख १९७९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमध्ये बसून मी तो वाचला. मुंबईच्या त्या खोलीतून आसामच्या जंगलाकडे एक वाट आधीपासूनच होती, याचा मला फार आधार वाटला.

पण खरं शिक्षण झालं ते खुरांकडून. खुरा म्हणजे तिकडचे काका. जंगलालगतच्या गावात राहणारे, लहानपणापासून या झाडांखाली वावरलेले, आणि संशोधकांबरोबर काम करण्यात हयात गेलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दुर्बीण पिशवीत ठेवायला सांगितली. "आधी कान," ते म्हणाले. सकाळी उजाडल्यावर कधीतरी एक कुटुंब गायला लागतं. आधी एखाददुसरी हाक, मग नर-मादी एकत्र, मग पोरं त्यांत मिसळतात आणि पंधरा-वीस मिनिटं सगळं रान दणाणून जातं. एका कुटुंबाचं संपत आलं की पलीकडचं उत्तर देतं. दुसऱ्या अनेक गिबनांत नर आणि मादी यांचे सूर वेगळे ओळखता येतात. हुलॉकांत दोघांचं गाणं इतकं सारखं असतं की नुसत्या कानानं कोण कोण ते सांगता येत नाही. तिकडे या प्राण्याला हलौ म्हणतात ते या हाकेवरूनच, असं खुरा सांगायचे.

आवाज ऐकला की त्या दिशेनं चालायला लागायचं. आणि इथून जे सुरू होतं त्याला चिकाटीशिवाय दुसरा उपाय नाही. आम्ही निवडलेलं कुटुंब माणसांना सरावलेलं नव्हतं. नर काळाकुट्ट, कपाळावर ठसठशीत पांढऱ्या भुवया. मादी पिवळसर तपकिरी. एक मोठं पोर आणि आईच्या पोटाला धरलेलं तान्हं. आम्ही दिसलो की नर ओरडायचा आणि क्षणात चौघं दिसेनाशी व्हायची. ते हातांनी झोके घेत फांद्यांवरून जातात, आम्ही खाली वेत, चिखल आणि जळवांमधून. गाठणं शक्यच नाही. म्हणून पाठलाग करायचाच नाही. रोज तेच फिक्या रंगाचे कपडे घालायचे, दिसले की खाली बसायचं, हळू आवाजात एकमेकांशी बोलत राहायचं, म्हणजे आपण लपून बसलेले नाही हे त्यांना कळतं. नराकडे टक लावून बघायचं नाही. पळाले तर जाऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं करता करता एका सकाळी नर आमच्या डोक्यावर थांबला, खाली बघितलं, आणि पुन्हा फळं तोडायला लागला. खुरांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मला रडू आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

या सरावण्याबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. माणसाला न घाबरणारा प्राणी शिकाऱ्यालाही घाबरत नाही. म्हणून जिथं शिकार होते तिथं अभ्यासासाठी प्राण्यांना सरावणं हा त्यांच्याशी केलेला घात ठरू शकतो. शिवाय आपला सर्दी-खोकला एपना होऊ शकतो. अंगात कणकण असली की जंगलात जायचं नाही, एरवीही अंतर ठेवायचं आणि तोंडाला मास्क लावायचा, हा नियम आम्ही काटेकोर पाळला. असाच दुसरा नियम हत्तींचा. ताजी लीद किंवा मोडलेला बांबू दिसला की त्या दिवशीचं काम तिथंच थांबायचं. खुरा थांबले की मी थांबायचे, प्रश्न विचारायचे नाहीत.

नोंदींची पद्धत साधी आहे. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचं आणि त्या क्षणी दिसणारा प्रत्येक हुलॉक काय करतो आहे ते लिहायचं. खातोय, विसावलाय, चाललाय, गातोय, दुसऱ्याच्या अंगावरचे केस साफ करतोय. कुठल्या झाडावर, किती उंचीवर. दिसत नसेल तर तसं लिहायचं. जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये प्राण्यांच्या निरीक्षणाला जी शिस्त लावून दिली, तिच्यावरच आजही हे काम चालतं. त्या शिस्तीची गरज मला प्रत्यक्ष जंगलातच कळली. डोळा झेपेकडे जातो. झेप वर्षभर लक्षात राहते, पाऊण तास एका फांदीवर बसून पानं चघळणं संध्याकाळपर्यंतही राहत नाही. आणि हुलॉकच्या दिवसात तर ते बसणं, चघळणंच जास्त असतं.

त्या कागदांमधून हळूहळू एक दिनक्रम उभा राहिला. सकाळी भूक, म्हणून आधी फळं. उंबर-पिंपळाच्या कुळातलं एखादं झाड पिकलेलं असलं तर बाकी कशाकडे बघायचं नाही. फणसाच्या नात्यातलं चाम नावाचं झाड आहे, त्याची फळं आली की मुक्काम तिथंच. फळं कमी झाली की कोवळी पानं, फुलं, कळ्या, मधूनच किडे. पाणी प्यायला ते सहसा खाली येत नाहीत. झाडाच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात हात बुडवतात आणि हाताच्या केसांवरचं पाणी चोखतात. दिवस लवकर संपवतात. थंडीत तर दुपारी दोन-तीनलाच एखाद्या उंच झाडाच्या शेंड्याकडे जाऊन बसतात. मोठे एप झोपायला घरटं करतात, गिबन करत नाहीत. फांदीच्या बेचक्यात बसल्या बसल्या, गुडघ्यांत डोकं घालून रात्र काढतात.

तान्हं जन्मतं तेव्हा फिकट, जवळजवळ पांढुरकं असतं. मग नर असो वा मादी, काळं होतं. मादी वयात येताना पुन्हा फिकी पडत पिवळसर होते. आमच्या कुटुंबातलं तान्हं काळं व्हायला लागलं तेव्हा आईपासून हातभर लांब जायचं धाडस करू लागलं होतं. दोन फांद्यांमधलं अंतर त्याला जास्त वाटलं की ते कुईकुई करायचं. मग आई दोन्ही फांद्या धरून मध्ये ताणून राहायची आणि ते तिच्या अंगावरून पलीकडे जायचं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गोड वाटलं, एवढंच. त्याचा अर्थ पुढे लागला.

आमच्या कामाचा आणखी एक भाग होता विष्ठा गोळा करण्याचा. ऐकायला किळस वाटेल, पण फार मोलाचं काम आहे ते. पहाटे झोपण्याच्या झाडावरून निघण्याआधी हुलॉक विष्ठा टाकतात. ती गोळा करायची, चाळणीत धुवायची, बिया वेगळ्या काढून वाळवायच्या, ओळखायच्या. हुलॉक पुष्कळ बिया अख्ख्या गिळतात आणि दूर कुठंतरी टाकतात. राहत्या खोलीच्या पडवीत आम्ही त्यातल्या काही पिशव्यांत लावल्या. उगवल्या. खुरांच्या घरच्यांनी त्या रोपांना पाणी घालायचं काम स्वतःकडे घेतलं. गाई-वासरांपासून ती जपताना त्यांची सून म्हणायची, "हलौनं लावलेली झाडं आहेत, मरायला नकोत."

गणतीची पद्धत वेगळी. ठरलेल्या उंचवट्यांवर तीन जण पहाटे जाऊन बसायचं. गाणं ऐकू आलं की वेळ, होकायंत्रावरची दिशा आणि अंदाजे अंतर लिहायचं. मग नकाशावर रेघा ओढायच्या. जिथं त्या छेदतात तिथं एक कुटुंब. पाऊस असला की ते गात नाहीत, म्हणून एका सकाळवर विसंबायचं नाही. नकाशा भरत गेला तसं मला दिसायला लागलं की जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या एका बाजूला खुणा दाट आहेत आणि दुसऱ्या बाजूला अगदी मोजक्या.

आता रेल्वेबद्दल. मरियानीहून तिनसुकियाकडे जाणारा लोहमार्ग या अभयारण्याच्या पोटातून जातो, सुमारे दीड-पावणेदोन किलोमीटर. ब्रिटिशांच्या काळातला मार्ग आहे. त्यानं जंगलाचे दोन तुकडे केले, एक मोठा आणि एक सुमारे दीडशे हेक्टरचा. हत्ती रूळ ओलांडतात, मकाक ओलांडतात, हरणं ओलांडतात. हुलॉकपुढे मात्र ती उघडी पट्टी म्हणजे रस्त्याचा शेवट. लहान तुकड्यातल्या मोजक्या कुटुंबांत पोरं मोठी होतात. हुलॉक कुटुंबात नर-मादीची एकच जोडी असते, वयात आलेल्या पोरांनी बाहेर पडून आपला जोडीदार आणि आपलं रान शोधायचं असतं. बाहेर पडून जायचं कुठं?

त्या तुकड्यात एक तरणा काळा नर होता. आईबापांपासून सुटलेला. तो रुळांच्या कडेच्या शेवटच्या झाडावर येऊन बसायचा. पलीकडचं कुटुंब गायला लागलं की हा एकटाच साद घालायचा. फांदीच्या टोकापर्यंत जायचा, फांदी वाकायची, तो मागे यायचा. दुसऱ्या फांदीच्या टोकापर्यंत जायचा. मग गाडी यायची आणि तो आत निघून जायचा. त्या दिवसांच्या माझ्या कागदावर "प्रवास", "विसावा", "साद" असं व्यवस्थित लिहिलेलं आहे. पण मला तिथं बसून अतिशय असहाय वाटत होतं. इतकं अंतर माणूस चार उड्यांत पार करतो.

त्यानंतर मी कामाचा रोख बदलला. प्राण्यांवरची नोंद चालू ठेवली, पण जोडीला आम्ही फांद्या मोजायला लागलो. कुटुंब ज्या वाटांनी जातं त्या वाटा नकाशावर घेतल्या. त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. तेच झाड, तीच फांदी, तीच झेप. कुठं दोन झाडांचे शेंडे भिडतात, कुठं अंतर पडलंय, ते अंतर किती, हे लेसरच्या यंत्रानं मोजलं. एखादा म्हातारा होलोंग वादळात पडला की त्यांची वाट कशी लांबते, किती वळसा पडतो, हे त्यातून दिसलं. आईचं दोन फांद्यांमध्ये ताणून राहणं मला आता वेगळं दिसू लागलं. तिच्या अंगाएवढं अंतर पिलू पार करतं. त्याहून जास्त असेल तर ती वाट पिलू असेपर्यंत बंदच.

रेल्वेमार्गावर पूर्वी हुलॉकसाठी लोखंडी पूल उभारला होता. हुलॉकांनी तो वापरला नाही. कोकणात ओढ्यावर सुपारीची खोडं टाकून साकव घालतात, तो आपण न बघता चालून जातो कारण पायाला त्याची सवय असते. हुलॉकच्या हाताला सवय आहे ती वेलीची आणि वाकणाऱ्या फांदीची. जे उपयोगी पडलं ते झाडांनीच. 'आरण्यक' ही आसामी संस्था आणि तिथं दीर्घकाळ प्रायमेटवर काम करणारे दिलीप छेत्री यांच्या पुढाकारानं रुळांच्या दोन्ही बाजूंना झाडं लावली गेली. ती वाढली, शेंडे एकमेकांकडे झुकले आणि एके ठिकाणी हुलॉक त्यांवरून ये-जा करू लागले. किती वर्षं वाट पाहिली असेल त्या लोकांनी! मला या सगळ्या प्रवासात कुणाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटत असेल तर त्यांच्याबद्दल. अर्थात गाड्यांसाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि विजेच्या तारा आल्या की धोका वाढतो. आता दोरखंडाचे पूल बांधण्याची योजना आहे. ते व्हावेत. पण झाडांचं काम त्यामुळे थांबता कामा नये, असं माझं ठाम मत झालंय. होलोंगापारमध्येसुद्धा जुन्या काळात वनखात्यानं लागवड केलेली आहे. आज ज्याला आपण घनदाट रान म्हणतो त्यातला काही भाग माणसाच्या हातचा आहे.

तिनसुकिया जिल्ह्यातलं बरेकुरी पाहिल्यावर हे मत आणखी पक्कं झालं. तिथं अभयारण्य नाही, गाव आहे. मोरान आणि मोटोक लोकांची घरं, घरामागे फणस, आंबा, बांबू, सुपारी, आणि त्या झाडांवर हुलॉक. गावकरी त्यांना त्रास देत नाहीत, पिढ्यान् पिढ्या देत आले नाहीत. एका आजींनी मला अंगणात बसवून तामोल-पाण (सुपारी आणि विड्याचं पान) पुढे केलं आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, "हे आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून इथंच." पण परसातली झाडं एकमेकांपासून तुटत चालली आहेत. मधून विजेच्या तारा जातात आणि त्यांचा धक्का लागून इथं हुलॉक दगावलेले आहेत. २०२० च्या मे महिन्यात जवळच बाघजानला वायूची विहीर फुटली, पुढे आग लागली आणि ती विझायला नोव्हेंबर उजाडला. त्या आवाजाबद्दल आणि धुराबद्दल बोलताना आजी अजून गप्प होतात. माणसांनी कितीही जपलं तरी झाडं सलग नसतील तर हुलॉक तिथं कोंडलेलेच राहतात.

माझा अहवाल वनखात्याकडे गेला, त्यात कुठल्या झाडांमधली अंतरं भरून काढावीत याची यादी नकाशासह दिली आहे. यादी देणं सोपं होतं. त्यानंतरची गावातली बैठक जास्त कठीण, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. अंतरं भरायची तर काही रोपं लोकांच्या जमिनीत, मळ्याच्या कडेला लावावी लागणार. लोकांचं म्हणणं रास्त होतं: उंबर आणि चाम हलौ खाईल, आम्हाला काय? बऱ्याच जणांना अगरु हवा होता, त्याचं लाकूड विकलं जातं. कुणाला सुपारी. मी म्हटलं सुपारीचं झाड एकटं उभं राहतं, त्याला आडवी फांदी नाही. त्यावर एक बाई म्हणाल्या, "मग दोन्ही लावू. कडेला तुमचं, आत आमचं." तसंच ठरलं. बाहेरच्या ओळीत लवकर वाढणारी झाडं आणि उंबराच्या कुळातली, त्यांच्या सावलीत चाम आणि नाहोर, आतल्या बाजूला ज्याचं त्याचं अगरु-सुपारी. रोपवाटिका बायकांच्या बचत गटाकडे आहे. पडवीतली विष्ठेतून उगवलेली रोपंही आता तिथंच ठेवली आहेत. पहिली ओळ या पावसाळ्यात रुळांच्या लहान तुकड्याकडच्या बाजूला लागेल. कुंपणाचे बांबू खुरा देणार आहेत. गुरं आत शिरणार नाहीत याची जबाबदारी कुणी घ्यायची, एवढं ठरायचं बाकी आहे आणि त्यासाठीच मी पुढच्या महिन्यात पुन्हा मरियानीला चालले आहे.